किरकोळ दुरुस्ती

दाजींचं वाटोळं व्हावं असं बारक्याला रोज वाटायचं. सकाळी दात घासताना तर जास्तच, कारण दाजींचा सगळा धंदाच दातांवर चालायचा. ठिकठिकाणच्या दातांच्या दवाखान्यांना ते एक सॉफ्टवेअर पुरवायचे. कुठल्या पेशंटला कधी बोलावलंय, कुणाची दाढ काढायचीय, कुणाला आठवणीचा मेसेज पाठवायचाय, सगळं त्यात. ते सॉफ्टवेअर बारक्याच्या खांद्यावर उभं होतं, आणि बारक्याला मात्र दाजींनी त्या ऑफिसातून हाकलून दिलं होतं.

खांद्यावर म्हणजे कसं, ते सांगायला हवं. वेबसाइट ज्या तयार सांगाड्यावर बांधतात त्याला म्हणतात फ्रेमवर्क, आणि माहिती जिथे साठवतात तो डेटाबेस. या दोघांना एकमेकांची भाषा कळत नाही. मध्ये बसून याचं त्याला सांगणारं एखादं एक्स्टेन्शन लागतं. बारक्याने असं एक्स्टेन्शन ऐन उमेदीत, स्वतःचे रविवार घालून लिहिलं, त्याचं नाव ठेवलं 'दुभाष्या', आणि कुणीही फुकट वापरावं म्हणून खुलं करून टाकलं. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं ते वापरायची. दाजीही वापरायचे, आणि वर आपणच ते करून घेतलं असंही सांगायचे.

दाजी म्हणजे ताईचा नवरा. बारक्या त्यांच्याकडे नोकरीला होता तेव्हा एकदा एक मोठं गिऱ्हाईक आलं, बऱ्याच दवाखान्यांचा मालक. त्याच्यासमोर रुबाब दाखवायला दाजी स्वतः कीबोर्डवर बसले. जुन्या नोंदी एका झटक्यात कशा साफ होतात ते दाखवतो, म्हणाले. आधी एक प्रत काढून ठेवू, असं बारक्याने दोनदा सांगितलं. मला शिकवू नकोस, असं दाजींनी एकदाच सांगितलं. जुन्याबरोबर नव्या नोंदीही गेल्या. मग दाजींनी सरळ खापर फोडलं ते बारक्याच्या डोक्यावर. पगार वाढवला नाही म्हणून मेहुण्याने डूख धरून माहिती उडवली, असं त्यांनी गिऱ्हाइकाला सांगितलं, ऑफिसला सांगितलं, आणि या धंद्यातल्या ज्याला ज्याला ओळखत होते त्या प्रत्येकाला सांगितलं. ऑफिसचे हिशेब बघणारी ताई त्या खोलीत होती. ती मूग गिळून बसली.

त्यानंतर बारक्याला कुठल्याही बऱ्या कंपनीने कामावर घेतलं नाही. मुलाखत छान व्हायची, मग कुणीतरी कुठेतरी फोन करायचं, आणि पुढे सगळं थंड. आता तो एका लाँड्रीच्या वरच्या खोलीत बसून फर्निचरवाल्यांच्या आणि ड्रायव्हिंग स्कूलच्या वेबसाइटी दुरुस्त करत होता. खालून दिवसभर साबणाचा वास आणि यंत्रांची घरघर. ताईशी बोलणं तेव्हाच तुटलं होतं. ज्या बहिणीने आईमागे त्याला वाढवलं, वेण्या घालता घालता त्याचे पाढे घेतले, तिने त्या दिवशी एक शब्द काढला नाही, ही गोष्ट त्याला दाजींच्या खोटेपणापेक्षा जास्त लागली होती.

दुभाष्या मात्र त्याने सोडला नाही. लोक बग, म्हणजे त्यातल्या चुका, कळवायचे, तो दुरुस्त करायचा, नवं व्हर्जन काढायचा. आणि प्रत्येक व्हर्जनबरोबर टिपण लिहायचा. नवं काय, दुरुस्त काय, आणि शेवटी 'सांभाळा' म्हणून एक परिच्छेद: या बदलामुळे तुमचं कुठे मोडू शकतं आणि मोडू नये म्हणून काय करायचं. या टिपणांसाठी तो ओळखला जायचा. दुसरे लोक चार ओळी खरडतात आणि हात झटकतात. बारक्या असा लिहायचा की वाचणाऱ्याला वाटावं, हा शेजारी बसून सांगतोय.

सूड घ्यायचा विचार त्याला या टिपणांतूनच सुचला. झालं असं की एक बग आला. फोन नंबरची जागा रिकामी ठेवली तर दुभाष्या तिथे शून्य भरायचा. चूकच होती ती. पण बारक्याला पक्कं आठवत होतं की दाजींचं सॉफ्टवेअर त्या चुकीवरच टेकलेलं आहे. शून्य दिसला की त्या पेशंटला मेसेज पाठवायचा नाही, असं त्यांनी लिहून ठेवलं होतं. चूक दुरुस्त केली की शून्य जाणार, आणि दाजींचे मेसेज बोंबलणार. म्हणजे काहीही वाकडं न करता, उलट चांगलं काम करून, दाजींना तोंडघशी पाडायचं. बारक्या स्वतःवर इतका खूष झाला की त्याने लाँड्रीवालीला विनाकारण गुड मॉर्निंग केलं.

दुरुस्ती त्याने केली आणि टिपणही लिहिलं, नेहमीसारखं, 'सांभाळा'सकट. दाजींच्या ऑफिसात ते कुणी वाचणार नाही याची त्याला खात्री होती. वाचत बसायला रिकामटेकडे आहोत का आपण, हे दाजींचं ब्रीद. तिथे सगळे 'ओके' दाबून मोकळे व्हायचे.

मग तो वाट बघत बसला. बातमी मिळायची सोय होती. दाजींच्या विक्री विभागात त्याचा जुना दोस्त होता, गप्प्या. पोटात काही राहत नाही म्हणून त्याला हे नाव पडलं होतं. गप्प्याने फोनवर सगळं सांगितलं: दाजींनी नवीन फिरती खुर्ची आणली, कॅन्टीनवाला बदलला, दोघांचं लग्न ठरलं. मेसेजचं विचारलं तर म्हणाला, मेसेज मस्त चाललेत, का रे?

बारक्याने दातओठ खाल्ले आणि पुढचा बग हातात घेतला. दवाखान्यातली पेशंटांची यादी दाजींकडे वेळेच्या क्रमाने दिसायची ती केवळ दुभाष्यातल्या एका ढिसाळपणामुळे. तोही त्याने निस्तरला. टिपण लिहिलं. काही झालं नाही. त्यानंतर आणखी एक. काही झालं नाही. दाजींवर कुणाची कृपा आहे तेच कळेना. प्रत्येक वेळी बाण सुटायचा आणि दाजी जागचे हलायचेच नाहीत.

शेवटी त्याच्या डोक्यात आलं की आपणच सांगून सवरून मारतोय.

इथे या धंद्यातली एक रीत सांगायला हवी. व्हर्जनच्या नंबरात तीन आकडे असतात. जुनं काही मोडणार असेल तर पहिला आकडा वाढवायचा. नवीन काही घातलं तर मधला. आणि कुणालाही धक्का लागणार नाही अशी बारीक दुरुस्ती असेल तर शेवटचा. पहिला आकडा वाढला की कंपन्यांत कुणीतरी माणूस थांबून बघतो, निदान 'ओके' तरी दाबतो. शेवटचा वाढला की कुणी बघत नाही. यंत्रं आपोआप ते व्हर्जन उचलतात आणि कामाला लावतात. दाजींच्या ऑफिसात ही सोय बारक्यानेच लावून दिली होती. शेवटचा आकडा हा दिलेला शब्द असतो, आणि तो खोटा लिहिणं म्हणजे झोपलेल्या माणसाला मारणं. लिहिलेला कायदा नाही कुठे. पण असं करणाऱ्याच्या हातचं पुन्हा कुणी घेत नाही.

आणि नेमका तेव्हा तो बग आला. एकच नोंद लागोपाठ दोनदा आली तर दुभाष्या दुसरी गुपचूप गिळायचा. खरं तर त्याने ओरडून सांगायला हवं की ही नोंद आधीच झाली आहे. कुणीतरी रीतसर तक्रार केली होती, आणि तक्रार रास्त होती. पण ती वाचताना बारक्याच्या डोळ्यांसमोर दाजींचे दवाखाने आले. दाजींची स्क्रीन हळू चालते. रिसेप्शनवरच्या बायका सेव्हचं बटण दाबतात, काही हलत नाही, म्हणून पुन्हा दाबतात. सगळीकडे, दिवसभर, दोनदा. दुभाष्या दुसरी नोंद गिळतो म्हणून चाललंय. त्याने ओरडायला सुरुवात केली तर ते ओरडणं ऐकून घ्यायची कुठलीही तजवीज दाजींच्या सॉफ्टवेअरमध्ये नाही. ते आडवं होईल.

दुरुस्ती त्याने तासाभरात केली. टिपण लिहिलं. हाताला सवय म्हणून 'सांभाळा'ही लिहिलं, चांगलं सविस्तर. मग त्याने तो परिच्छेद पुसला. पहिला आकडा वाढवला होता तो परत खाली आणला आणि शेवटचा वाढवला. टिपणात एवढंच ठेवलं: किरकोळ दुरुस्ती. त्याला लाज वाटली, आणि मजाही वाटली, आणि मजा जास्त वाटली. त्याने बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी गप्प्याचा फोन दुपारच्या आत आला. त्याला धड बोलताही येत नव्हतं, आवाज चोरून बोलत होता आणि मधेच हसत होता. स्क्रीनवर सगळीकडे चूक झाल्याची लाल पानं. दोनदा दाबलं की दिवसाची यादीच बंद. एका दवाखान्यात एकाच खुर्चीसाठी तिघांना बोलावलेलं, आणि त्यातला एक जण अर्धा जबडा बधिर असताना भांडत होता, कुणाला काही कळत नव्हतं. दाजी नव्या खुर्चीतून उठून उभ्या उभ्या गिऱ्हाइकांच्या शिव्या खात होते. जुनं मोठं गिऱ्हाईक सोडून चाललं होतं. बारक्याने प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायला लावली. दाजींचा चेहरा कसा झाला होता ते तीनदा. फोन ठेवल्यावर तो पोट धरून हसला, मग खाली जाऊन अख्खा केक घेऊन आला आणि एकट्याने अर्धा खाल्ला. इतकी वर्षं छातीवर असलेला दगड उतरला, असं त्याला वाटलं.

केक खाता खाता त्याने लोक तक्रारी लिहायचे ते दुभाष्याचं पान उघडलं. तिथे दाजी नव्हते, दुसरीच माणसं होती. एका लायब्ररीच्या बाईंनी लिहिलं होतं की सकाळपासून आमचं पुस्तकं देण्याचं काउंटर बंद आहे. तुमच्या किरकोळ दुरुस्त्या मी कधी तपासून घेत नाही, गरजच पडली नाही आजवर. टिपणातलं काही वाचायचं राहिलं का माझ्याकडून?

बारक्याने ते पान बंद केलं. बघू नंतर, म्हणाला. आजचा दिवस त्याला नासवायचा नव्हता.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं आणि दारात ताई. एका खांद्याला लॅपटॉपची पिशवी, हातात कपड्यांची बॅग. केस पुष्कळ पिकले होते. बारक्याला वाटलं, आली नवऱ्यासाठी पदर पसरायला. हा क्षण त्याने मनात इतक्यांदा रंगवला होता की आता काय बोलायचं ते तोंडपाठ होतं. त्याने तिला बस म्हटलं नाही.

"दाजींनी पाठवलं का?" त्याने विचारलं.

"दाजींनी काढलं," ताई म्हणाली आणि आत येऊन खुर्चीवरचे कपडे बाजूला करून स्वतःच बसली.

मग तिने सांगितलं, सावकाश, घरच्या किराण्याचं सांगावं तसं. बारक्या गेल्यावर दुभाष्याकडे बघणारं ऑफिसात कुणी उरलं नव्हतं. ते काम तिने मागून घेतलं. हिशेबाच्या टेबलावरून उठून या वयात ती हे सगळं शिकली, चुकत माकत. नवं व्हर्जन आलं की ती आधी टिपण वाचायची. शून्याचं टिपण आलं तेव्हा तिने 'सांभाळा' तीनदा वाचलं, इंजिनियरांना रविवारी बोलावून घेतलं, आणि सोमवारच्या आत सगळीकडचे शून्य शोधून काढले. यादीच्या क्रमाचंही तसंच. त्यानंतरचंही तसंच.

बारक्या आधी ऐकत राहिला, मग त्याचं डोकं फिरलं. म्हणजे ही होती. प्रत्येक वेळी दाजींना वाचवणारी ही.

"तू वाचवलंस त्यांना," तो म्हणाला.

"तू सांगितलंस म्हणून वाचवलं. कुठे मोडेल, काय करायचं, सगळं तूच लिहायचास. मला वाटायचं, माझ्याशी बोलत नाही, पण मला सांगतोय."

 बारक्याने जुनं काढलं. त्या दिवशी तू त्या खोलीत होतीस, तुला सगळं माहीत होतं, तू तोंड उघडलं नाहीस, आणि आता कुठल्या तोंडाने आलीस. तो बराच वेळ बोलला. खाली यंत्रं थांबली होती, त्यामुळे लाँड्रीवालीनेही सगळं ऐकलं असणार. ताईने एकदाही अडवलं नाही.

"नाही उघडलं," ती शेवटी म्हणाली. "घाबरले. त्याबद्दल तू मला जन्मभर सुनाव, मी ऐकेन. आज मी त्यासाठी आलेली नाही."

ती कशासाठी आली होती, ते असं होतं. दाजींना दुभाष्या कधीचा काढून टाकायचा होता. मेहुण्याची वस्तू घरात नको, असं त्यांचं म्हणणं. ताई आडवी आली होती. सगळ्या इंजिनियरांसमोर तिने हमी दिली होती की माझा भाऊ कितीही रागावला तरी कामात घाण करणार नाही, त्याच्या किरकोळ दुरुस्त्या डोळे झाकून घ्या. आता सगळं कोसळल्यावर दाजींनी त्याच इंजिनियरांना बोलावून सांगितलं की ही भावाला मिळालेली होती. दोघांनी ठरवून केलं. तिला ऑफिसातून काढलं, आणि घरी तोच पाढा सुरू झाला म्हणून ती घरातून निघाली. दवाखानेवाल्यांना फोन गेले होते. ज्या बायकांना ती रोज नावानिशी ओळखायची त्या आता तिचा फोन उचलत नव्हत्या.

हे असंच आपल्यासोबत झालं होतं, हे बारक्याला सांगायची गरज नव्हती.  दाजी किती नीच आहेत यावर तो काहीतरी बोलायला लागला, तर ताईने हात वर केला.

"दाजी नीच आहेत ते मला तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, मी संसार केलाय. पण मला त्यांच्यापेक्षा तुझा राग आलाय. त्यांनी मला कधी सांभाळलं नव्हतं. तू सांभाळत होतास, आणि सांभाळायचं सोडताना मला कळवलंही नाहीस."

बारक्या कॉम्प्युटरकडे वळला. आत्ता दुरुस्त करतो, म्हणाला. दुभाष्या परत पहिल्यासारखा करतो, आणि लिहितो की सूचना द्यायची चुकून राहिली.

"तुझ्या हातून चुकून राहत नाही," ताई म्हणाली. "हे दाजींना माहीत आहे, आणि तुझं टिपण वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. चुकून म्हणालास तर मी सामील होतेच, असं पक्कं होईल. काय केलंस ते लिही. एकट्याने केलंस ते लिही."

"तसं लिहिलं तर दाजी इतकी वर्षं माझ्याबद्दल जे सांगत फिरले ते खरं ठरेल."

"ठरलंय. परवाच ठरलं. आता लिहायचं राहिलंय."

 दाजींचा आळ खोटा आहे, याच आधारावर बारक्याने अख्खं आयुष्य रेटलं होतं. नोकऱ्या गेल्या, माणसं गेली, पण मी तसं केलेलं नाही, एवढं एक त्याच्याजवळ होतं, आणि तेवढ्यावर तो ताठ मानेने जगत होता. दुसरं काही नव्हतंच त्याच्याकडे. समोर ताई बसली होती, बॅग अजून मांडीवर धरून, आणि ती मुळीच घाईत नव्हती.

त्याने आधी दुरुस्ती मागे घेतली. मग ती नव्याने, पहिला आकडा वाढवून, बाहेर काढायची तयारी केली. मग टिपण उघडून 'सांभाळा' लिहिलं आणि त्याखाली लिहायला लागला. मागच्या व्हर्जनमधला बदल किरकोळ नव्हता. त्याने तुमचं मोडेल हे मला माहीत होतं. सूचना मी लिहिली होती आणि मुद्दाम पुसली. नंबर मुद्दाम खोटा दिला. एका कंपनीचं नुकसान व्हावं म्हणून हे मी केलं, आणि त्यात तुम्ही सगळे भरडले गेलात. यात माझ्याबरोबर कुणीही नव्हतं, त्या कंपनीत दुभाष्या सांभाळणारी माझी बहीण तर नाहीच. तिने माझ्यावर विश्वास ठेवला, एवढाच तिचा दोष. त्याखाली त्याने आणखी एक वाक्य लिहिलं: त्या कंपनीच्या मालकाने पूर्वी माझ्यावर खोटा आळ घेऊन माझं आयुष्य नासवलं होतं, म्हणून माझ्या हातून हे घडलं.

ताई चष्मा लावून वाकली आणि वाचायला लागली, ओठ हलवत. बारक्याला वाटलं, शेवटच्या वाक्यापाशी तिला रडू फुटेल. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुठेतरी सगळ्यांसमोर ते लिहिलं जात होतं, आणि ती त्याची एकमेव साक्षीदार होती.

"हे काढ," ती त्या वाक्यावर बोट ठेवून म्हणाली.

"हे खरं आहे, ताई."

"खरं आहे. जो विचारील त्याला मी सांगेन, आता घाबरणार नाही. पण लायब्ररीवाल्या बाईंचं काउंटर त्यामुळे बंद पडलं नाही."

म्हणजे ते पानही तिने वाचलं होतं. बारक्याने ते वाक्य पुसलं. त्याला रडू आलं ते त्याने लपवलं नाही, आणि बटण दाबलं.

अर्ध्या तासात गप्प्याचा फोन आला. या वेळी तो हसत नव्हता. दाजींनी सगळ्या ऑफिसला गोळा केलं होतं आणि खुर्चीवर उभं राहून ते टिपण मोठ्याने वाचून दाखवत होते, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, ताई यात नव्हती त्या ओळीसकट. आपल्या पदरचा एकही शब्द त्यांना घालावा लागला नव्हता.